काळ्याचा कर आणि दादांची टोपी

बर्लिन
रविवार, दुपार

ती. आई व ती. दादांस,


आधी महत्त्वाचं. तुमच्या जावयाची नोकरी गेलेली नाही. माझं डोकंही ठिकाणावर आहे. दादांच्या टोपीला काहीही झालेलं नाही; धुऊन, नीळ देऊन, इस्त्री करून कपाटात ठेवली आहे. आई, तुझा फोन आला तेव्हा इथं पहाटेचे साडेचार वाजले होते. अशा वेळी फोन वाजला की परदेशातल्या माणसाच्या पोटात काय गोळा येतो ते तुला सांगायला नको. मी अंधारात धडपडत फोन उचलला, तर तुझा पहिला प्रश्न, "कुत्र्याला बापाची टोपी कामून घातलीस गं?" तब्येत नाही, पाणी नाही, काही नाही.

ही आग आक्कानं लावली हे मला माहीत आहे. ग्रुपवर फोटो टाकून दहा मिनिटं झाली नव्हती, तेवढ्यात लातूरहून तिनं तुला कळवलं. आणि तू गल्लीत दाखवलास. गल्लीतल्या मावशींनी त्यावरून अंदाज बांधला, की पोरगी दिवसभर कुत्र्याचे फोटू काढायली म्हणजे घरात बसून असणार, म्हणजे नवऱ्याची नोकरी गेली असणार. त्यांना माझा नमस्कार सांग आणि सांग की नोकरी दोघांचीही आहे. फोटो शनिवार-रविवारीच निघतात.

आता प्रकरण काय ते नीट ऐक. (थांब, कुकर झाला. आले.)

इथं हौशी लोक स्वतःलाच एक पैज घालून घेतात. आठवड्याला आपल्या कुत्र्याचा किंवा मांजराचा एक फोटो, असे वर्षाचे बावन्न. पण नुसता बसलेला कुत्रा चालत नाही, दर आठवड्याला विषय वेगळा. आमच्याकडं विषय तुमच्या नातीनं, सईनं, चिठ्ठ्यांवर लिहून तू दिलेल्या ओव्याच्या डब्यात भरलेत. सोमवारी एक चिठ्ठी काढायची, रविवारी रात्रीपर्यंत फोटो तयार. सगळ्या चिठ्ठ्यांना ओव्याचा वास येतो, त्यामुळे काढलेली चिठ्ठी आधी आमचा कुत्रा काळ्या चाटतो आणि मग आम्ही वाचतो. "सावली", "फक्त नाक", "पळणं", "पिवळं", "वाट" असले विषय. त्या आठवड्याला निघालं "घरातलं मोठं माणूस". आता घरातलं मोठं माणूस कोण? दादा इथून जाताना टोपी विसरून गेले होते. टोपी घातली, उपरणं टाकलं, आणि दादा ज्या स्टुलावर बसून खिडकीतून येणारे-जाणारे मोजायचे त्याच स्टुलावर काळ्याला बसवलं. एरवी तो एका जागी क्षणभर थांबत नाही. त्या स्टुलावर मात्र टोपी घालून गंभीर तोंड करून रस्त्याकडं बघत बसला. दादा, खरं सांगते, मान तिरकी करायची पद्धतसुद्धा तुमचीच. हे हसून हसून खाली बसले. मी कॅमेरा डोळ्याला लावून ठेवला होता तेच बरं, नाहीतर सईनं विचारलं असतं, आई, रडायलीस का.

"कुत्र्याला कपडे घालायची थेरं साहेबांच्या डोक्यातून निघालेली" असं दादा म्हणाले, ते अगदीच खोटं नाही. इंग्लंडात ब्रायटनला हॅरी पॉइंटर म्हणून एक फोटोवाला होता. त्यानं १८७०च्या दशकात मांजरांना तीनचाकी सायकलीवर बसव, चहाच्या टेबलाशी बसव असं करून फोटो काढले आणि खाली शुभेच्छा छापून विकले. म्हणजे आपल्या ग्रुपवर रोज सकाळी मांजरासकट 'शुभ सकाळ' पाठवणाऱ्या मामांचा मूळपुरुष तोच. अमेरिकेतल्या विल्यम वेगमननं १९७०च्या दशकात आपल्या वायमारानर कुत्र्याचे फोटो काढायला घेतले. कुत्रा जर्मन जातीचा, राखाडी. नाव ठेवलं मॅन रे, एका मोठ्या फोटोग्राफरचंच. त्या कुत्र्याचे फोटो पुढं संग्रहालयांत लागले, आणि १९८२ साली न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकानं त्याला 'वर्षातला माणूस' ठरवलं. आपल्या बबलूला एवढ्या वर्षांत गणेश मंडळानंसुद्धा काही ठरवलेलं नाही.

आणि दादा, आपल्या घरात काय वेगळं झालं? ओसरीत टांगलेला आबांचा पोळ्याचा फोटो बघा. नांदेडहून फोटोवाला बोलावला होता, तो माणसांचा म्हणून का? आबांनी त्याला बजावलं, सर्जा बैलाची शिंगं कापू नको. त्यानं शिंगं घेतली, झूल घेतली, लाल कंधारीचं ते खांद्यावरचं वशिंड घेतलं आणि आबांचा डावा हात, डावा कान बाहेर ठेवला. आबा तो फोटो बघून खूश होते. मग मी काळ्याचा फोटो काढला तर बिघडलं कुठं?

काळ्या कुत्र्याचा फोटो काढणं सोपं नाही, हेही सांग आक्काला. समोर सगळं काळं दिसलं की कॅमेरा घाबरून उजेड वाढवतो आणि आपला काळ्या राखाडी निघतो. म्हणून उजेड मुद्दाम कमी करून घ्यावा लागतो. फ्लॅश मारायची सोय नाही, कुत्र्याच्या डोळ्यात मागं चमकणारा पडदा असतो, डोळे हिरवे भुतासारखे येतात. राहता राहिला खिडकीचा उजेड. तर डिसेंबरात इथं दुपारी चारच्या आत दिवस मावळतो, तोही उगवला असेल तर. म्हणजे भाजी फोडणीला टाकायची वेळ आणि फोटोची वेळ एकच. वर फोटो कुत्र्याच्या डोळ्याच्या उंचीवरून घ्यावा लागतो, नाहीतर नुसतं डोकं मोठं आणि पाय गायब. मागं एकदा मी फुटपाथवर पोटावर पडून "फक्त नाक" काढत होते, तर खालच्या मजल्यावरच्या आजीबाई येऊन विचारायल्या, रुग्णवाहिका बोलवू का. मला नमस्कार करत नाहीत त्या, काळ्याला मात्र रोज 'हेर काल्या' म्हणजे काळेसाहेब म्हणतात.

आता कराचं. फोनवर मी म्हणाले "काळ्याचा कर भरायचाय" तेव्हा तू "काय मेलं खोटं बोलतेस" म्हणालीस. नाही गं, खरंच. इथं कुत्रा पाळला की कर लागतो. दर गावाचा दर वेगळा, बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो, आणि दुसरा पाळलात तर त्याला १८०. म्हणजे दुसऱ्या लेकराला सूट असते तशी नाही, उलट दंड. १२० युरो म्हणजे आपले बारा हजारांच्या आसपास. दादांचा हिशेब मला ऐकू आलाच, "तेवढ्यात शेळी येती, ती दूध तरी देती." शेळीचं माहीत नाही, पण मांजराला कर नाही! समोरच्या घरातला बोका दिवसभर आमच्या खिडकीत पाय चाटत बसतो, पै भरत नाही. आणि काळ्या बिचारा गळ्यात कराचा बिल्ला घालून त्याच्याकडं बघत बसतो.

मला वाटलं नवीन काहीतरी काढलंय. तर नाही. नेपोलियनकडून मार खाल्ल्यावर प्रशियाच्या राजाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा १८१०मध्ये चैनीच्या वस्तूंवर कर बसवला, त्यात कुत्रा. नेपोलियन गेला, राजा गेला, कुत्र्यावरचा कर मात्र आजही आहे. बरं, त्या पैशातून कुत्र्यांसाठीच काही करावं असंही बंधन नाही. शिवाय कातडीखाली चिप पाहिजे, शहराच्या कुत्रा-नोंदवहीत नाव पाहिजे, त्याची फी वेगळी, आणि काळ्यानं कुणाचं नुकसान केलं तर म्हणून विमा, तोही सक्तीचा. आमच्या घरात काळ्याची जेवढी कागदपत्रं आहेत तेवढी माझ्या लग्नाची नाहीत. मेट्रोत न्यायचं तर तोंडाला जाळी आणि सवलतीचं तिकीट, लहान मुलांच्या भावात. हे सगळं नगरपंचायतीत कुणाला सांगू नका. गल्लीतली चारही कुत्री दुपारी आपल्याच ओट्यावर झोपतात, आपल्या नावावर लावतील.

(कपडे वाळत घालून आले. मशीन लावताना आवाज होतो म्हणून रविवारी शेजारी कपाळाला आठ्या घालतात. असो.)

पार्सल पोचलं. येसर, जवसाची चटणी, कारळाची चटणी, हळद, सगळं नीट. पेढे मात्र वाटेतच अडले. दुधाचं काही बाहेरच्या देशातून टपालानं आत येऊ देत नाहीत. चिठ्ठी आली सोबत, कागदावर शिक्का मारलेली. तुझ्या हातच्या पेढ्यांना जर्मनीत शिक्का बसला, एवढंच समाधान.

तर पार्सल आलं त्याच सोमवारी चिठ्ठी निघाली "पिवळं". सई म्हणाली केळी. दुकानातून केळ्यांची फणी आणली, इक्वेडोरची. सगळी एका मापाची, एका रंगाची, एक डाग नाही. काळ्यापुढं ठेवली तर त्यानं वास घेतला आणि निघून गेला. मीही एक खाल्लं. अर्धापूरच्या माणसानं इक्वेडोरचं केळं खाऊ नये, एवढंच म्हणते. शेवटी तुझी हळद उघडली. पांढऱ्या चादरीवर चिमूटभर टाकली, खिडकीशी, आणि काळ्याचं नाक त्याच्यापाशी. तो शिंकला. शिंकल्यावर हळद उडाली, उजेडात सोनेरी धूर झाला, आणि मी बटण दाबलं. तेवढाच फोटो चांगला आलाय आतापर्यंत, मोठा करून भिंतीला लावणार आहे. चादर गेली. घरभर वास सुटला, हळद शिजवायच्या दिवसांत तामसा रोडनं येताना येतो तसा. हे म्हणाले खिडकी उघड, मी नाही उघडली.

"पळणं" काढायला टेंपलहॉफला गेलो होतो. तिथं विमानतळ होता, २००८मध्ये बंद केला आणि दोन वर्षांनी लोकांना फिरायला मोकळा केला. धावपट्टीवर पोरं पतंग उडवतात, आणि कुत्र्यांसाठी कुंपण घातलेलं वेगळं रान. तिथं पट्टा काढता येतो. काळ्या सुटला तो सुटलाच. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा शटर लावला तरी फोटोत नुसती शेपूट. पण "वाट" मला जमलं नाही, लिहून टाकते. आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झाडं, खाली पिवळी पानं, मधे काळ्या पाठमोरा, कुणालाही आवडेल असा फोटो. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले. पण मी ज्या वाटेचा विचार करत होते तिला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागतात आणि भोकर फाटा सोडला की एसटीच्या खिडकीतून तोंडावर धूळ येते. त्या फोटोत धूळच नव्हती. तो फोटो मी काढून टाकला. त्या आठवड्याची जागा रिकामी ठेवलीय, गावी आल्यावर भरीन.

आता तुमच्याकडचं. केळीवर करपा आलाय म्हणालीस, तर दादांनी उन्हात उभं राहून फवारणी करू नये, गडी आहेत. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर, जेवणाऐवजी नाही. मामींना सांग गुडघ्याचं ऑपरेशन यात्रेनंतर ढकलू नका, दरवर्षी यात्रा येतेच. इसापूर धरणाच्या पाण्याच्या पाळीवरून काकांचं आणि दादांचं पुन्हा वाजलं असेल तर दोघांनाही येळवशीला आक्काकडं लातूरला एकाच गाडीत पाठव. आंबील पोटात गेली की बोलतील.

आणि बबलू, तू माळेगावच्या यात्रेला चाललायस असं कळलं. (ह्यांना अजून वाटतं की यात्रा शेजारच्या मालेगावलाच भरते आणि तू तिथं चाललायस. पुण्याचा माणूस, सोडून दे.) तिथं घोड्यांच्या बाजाराबरोबर श्वान प्रदर्शन असतं. २००५मध्ये डाक खात्यानं मुधोळ, रामपूर, राजापालयम आणि हिमालयातल्या कुत्र्याचं तिकीट काढलं आणि लातूरकडच्या पश्मीला वगळलं, हे दादा अजून दर दिवाळीला बोलून दाखवतात. तर तू एका चांगल्या पश्मीचा फोटो काढून दादांना दे. खाली वाकून काढ, तुझ्या उंचीवरून नको. डोळे स्पष्ट आले पाहिजेत. आणि मालकाचा कान कापू नकोस.

सईचा आणि ह्यांचा नमस्कार. काळ्याचाही आहे, तो मात्र कागद ओला करून गेलाय.

तुमची
सुमन

ता. क. आई, मुखेडच्या स्थळाचं तू फोनवर घाईत सांगितलंस ते मला नीट कळलं नाही. मुलगी शिक्षिका आहे का तिची आई? मुलीचा फोटो पाठव. बबलूचा पाठवताना टोपीवाला, गॉगल घातलेला नको, साधा पाठव, उजेडात काढलेला.