नळीनाना

अमेरिकेतल्या कुठल्याही आरव्ही पार्कात आपली आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, लावा, इंजिन थंड व्हायच्या आत नळीनाना हजर. वय पासष्टीच्या पुढे, अर्धी चड्डी, सँडलमध्ये पायमोजे, आणि चेहऱ्यावर ऑपरेशन थिएटरातून नुकत्याच बाहेर आलेल्या सर्जनचं गांभीर्य. खरं नाव बॉब किंवा जिम. ‘नळीनाना’ हे बारसं आम्हा मराठी मंडळींचं.

‘फुल हुकअप’ म्हणजे जागेवरच वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी. विजेत नानांना रस नाही. ३० अँपिअर की ५०, एवढं विचारून सोडून देतात. पाण्याबद्दल एकच ताकीद : पिण्याची पांढरी नळी वेगळी, धुण्याची वेगळी, दोघींची गाठ पडता कामा नये. त्यांचा खरा जीव तिसऱ्या, सांडपाण्याच्या नळीत.

“किती फुटी आणलीय?”

आपण भाड्याच्या गाडीबरोबर आलेली १० फुटी नळी दाखवतो. नाना जमिनीतल्या पाइपाकडे बघतात, गाडीच्या बुडाकडे बघतात, मग आपल्याकडे बघतात. त्या नजरेपुढे आयआयटीची पदवीसुद्धा गळून पडते. मग ते आपल्या गाडीच्या पोटातल्या कप्प्यातून एक डबा ओढून आणतात. त्यात ३ इंच व्यासाच्या जाड नळ्या : १५ फुटी, २० फुटी. शिवाय पायऱ्यापायऱ्यांचा अडॅप्टर, कारण पार्कातल्या पाइपाचं तोंड कुठे ३ इंची, तर कुठे ४. तो आटे फिरवून घट्ट बसवायचा. नुसती नळी पाइपात कोंबून वर दगड ठेवणारा इसम नानांच्या लेखी माणसात जमा नाही.

नळीला पारदर्शक एल्बो, म्हणजे कोपऱ्याचा जोड, कशाला, हे मात्र चुकूनही विचारू नका. “पाणी निवळ येऊ लागलं की नाही, ते दिसायला नको?” असं म्हणून ते ऐन जेवणाच्या वेळी आपल्याला तिथे डोकवायला लावतात. लोक दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसतात. नाना जिथे खुपसतात, तिथे स्पर्धाच नाही.

त्यांचं तत्त्वज्ञान टाकीचं आहे. संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवलात, तर पाणी निघून जातं आणि उरलेला ऐवज तळाशी टेकडी करून बसतो. म्हणून निदान दोन तृतीयांश भरेपर्यंत व्हॉल्व्ह बंद. रिकामी करताना आधी ती काळी टाकी, मागाहून अंघोळी-भांड्यांची करडी. म्हणजे साबणाचं पाणी जाता जाता नळी धुऊन काढतं. ऐकताना ओकारी येते, पण यातलं अक्षरही खोटं नाही.

यलोस्टोन उद्यानात वीज, पाणी, सांडपाणी या तिन्ही जोडण्या देणारं कॅम्पग्राउंड एकच, फिशिंग ब्रिजचं. अस्वलांच्या भीतीने तिथे तंबू चालत नाहीत, पक्क्या भिंतींच्या गाड्याच लागतात. जवळच अथांग सरोवर. तिथल्या नळीनानांना मी विचारलं, “ओल्ड फेथफुल गीझर पाहिलात?” म्हणाले, “उद्या. आज पलीकडच्याचा एल्बो गळतोय.”

लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यातला हा प्रकार मला मात्र मनापासून आवडतो. आपल्याकडे मैला उपसण्याचं काम पिढ्यानपिढ्या काही जातींच्या माथी मारून बाकीचे नाक दाबून उभे राहिले. इथे निवृत्त बँक मॅनेजर हातमोजे चढवून आपली टाकी आपण रिकामी करतो आणि वर त्यावर व्याख्यान देतो. आमच्या आयटीवीरांना नेमकी त्याच क्षणी ऑफिसची तातडीची मीटिंग लागते.

तेव्हा आरव्ही भाड्याने घ्यायची असेल, तर मोठी नळी आणि हातमोज्यांचा डबा आठवणीने घ्या. आणि नाना आले, तर त्यांना चहाला जरूर बसवा. फक्त आधी साबण पुढे करा.