गडग्यावरून गळतीदादा

— काय गो, सकाळपासून समोरच्या गच्चीवर ठाकठूक कसली? दुपारी जरा डोळा लागू दिला नाही मेल्यांनी.

— जुना कोबा फोडतायत, काकू. गळतीदादा आलाय ना!

— कोण दादा?

— गळतीदादा! खालच्या वाडीतल्या शिंद्यांचा धाकटा, सचिन. मुंबईला वॉटरप्रूफिंगचं काम शिकला, आता इथेच धंदा काढलाय. इन्स्टाग्रामवर त्यानं हेच नाव घेतलंय.

— बापानं बारशाला ठेवलेलं नाव टाकून दिलं?

— टाकतोय कसला! पण त्याच्या वयाच्या पोरांत घरटी एक सचिन. गुगलवर त्याचं नाव-आडनाव टाकलंत तर वकील येतात, मास्तर येतात, नगरसेवक येतात. हा कुठे सापडणार? आपल्या वाडीचंच बघा ना. अर्धी वाडी एका आडनावाची, म्हणून तर ‘पऱ्याजवळचे’ नि ‘माडीवाले’ म्हणायचं.

— ते लोकांनी ठेवलेलं असतं गो. ह्यानं आपलं आपण ठेवलं.

— पण चाललं की! परवाचा व्हिडिओ बघा. गच्चीच्या मधोमध कुठे भेग नाही, आणि खाली हॉलच्या कोपऱ्यात हा एवढा काळा ओघळ. ह्यानं कठडा नि स्लॅब मिळतात तिथला गिलावा बोटानं उकरला. आख्खी करंगळी आत गेली! म्हणाला, पाणी इथून शिरतं आणि लोक मधे रंगाचे डबे ओततात. मग त्या कोपऱ्याला सिमेंटची गोलाई देऊन, वर चार बोटं पाणी दोन दिवस तुंबवून ठेवलं.

— हां, हे शहाणपणाचं.

— पण नावापायी डोकेदुखीही आहे हो. संगमेश्वराहून एका बाईंचा फोन आला, “दादा, तेलाची बाटली केवढ्याला?” त्यांना वाटलं केसगळतीवरचं औषध!

— अगो बाई!

— आणि इन्स्टाग्रामवर खात्याच्या नावाला मराठी अक्षरं चालत नाहीत. इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब नि खालची रेघ, एवढंच. त्यामुळे हिंदीवाले वाचतात ‘गलतीदादा’. आता चुका करणाऱ्याला गच्चीवर कोण चढू देणार? शेवटी फोटोवरच मराठीत मोठ्ठं नाव घातलंन, खाली छत्रीचं चित्र.

— नाव बदलून गाजलेली माणसं काय आजची आहेत? आपल्या मालगुंडचे केशवसुत. कृष्णाजी केशव दामले. वडील केशव, म्हणून केशवसुत. शिरवाडकर कुसुमचे थोरले भाऊ, म्हणून कुसुमाग्रज. आणि ‘ललित’मध्ये तो ठणठणपाळ यायचा! मासिक हातात पडलं की ह्यांच्या आधी मी ते पान उघडायची. भल्याभल्या लेखकांना टपल्या मारायचा.

— तो कोण हो?

— जयवंत दळवी, आरवलीचे! कथा-कादंबऱ्या स्वतःच्या नावानं, टपल्या ठणठणपाळाच्या. तेव्हाच त्यांची दोन खाती होती म्हण ना.

— आताही तेच चाललंय. ठाण्याची प्राजक्ता कोळी यूट्यूबवर ‘मोस्टलीसेन’ म्हणून वर आली. ‘भारतीय डिजिटल पार्टी’ असं लांबलचक कोण म्हणतंय? भाडिपा म्हटलं की झालं.

— आणि मधुरा बाचल? ती कुठे टोपणनाव घेऊन बसली? 2009पासून स्वतःच्या नावावर रेसिपी दाखवतेय. सूनबाई मला तिचंच लावून देते.

— खरंय, पण ‘मधुरा’ स्वयंपाकघरात शोभतं. गळती बंद करायला ‘सचिन’ काय शोभणार?

— तेही खरंच म्हणा.

— काल मात्र गंमत झाली. समोरच्या वहिनींनी आगाऊ रक्कम द्यायला मोबाइलवर कोड स्कॅन केला, तर वर सचिनचं आडनावासकट तिहेरी नाव! त्या घाबरल्या. “मला गळतीदादाला द्यायचेत, हा कोण?” अर्धा तास पैसे अडकले. शेवटी त्यानं पासबुक आणून दाखवलं.

— बँकेत गळतीदादा कोण लिहून घेणार!

— तेच तर. त्यात 2025च्या जूनअखेरपासून यूपीआयवर पैसे पाठवताना बँकेत नोंदलेलं नावच दिसायला हवं, असा नियम आलाय. गुगलच्या नकाशाचंही तसंच. धंद्याच्या पाटीवर असेल तेच नाव तिथे टाकायचं. म्हणून आता पाटी रंगवून घेतलीय. वर गळतीदादा, खाली खरं नाव. पावतीवरही दोन्ही.

— हे आधीच करायचं. एक सांगू? नाव लक्षात राहिलं की शिव्या खायलाही तेच पुढे येतं. सचिनची गच्ची गळली तर चार घरांत कळेल. गळतीदादाची गळली तर पुरे झालं, एसटी स्टँडावर हसतील.

— मग तुमच्या पडवीवरच्या स्लॅबचं काय करायचं? गेल्या पावसात बादली ठेवली होतीत ना?

— बादली नव्हे, घंगाळं. आमसुलांचा डबा भिजता भिजता वाचला. पाठव त्याला उद्या, रातांब्यांचं एवढं वाळवण आवरलं की. पण आधीच सांग, मला तो कोड-बिड दाखवायचा नाही. अर्धे रोख देईन.

— आणि उरलेले अर्धे?

— मृगाचे चार दिवस धो धो पडून जाऊ देत, मग ये म्हणावं न्यायला.