हंगामी भट्टीवाले आप्पा

नाशिकच्या वर्तमानपत्रांत हिवाळ्यात एक बातमी ठरलेली असते. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात अमुक इतक्या अंश किमान तापमानाची नोंद झाली. द्राक्षबागायतदार ती धास्तावून वाचतो, कारण पारा आणखी उतरला तर भरलेले मणी तडकायची भीती, मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवणं आलं. शाळकरी पोरं ती आशेने वाचतात, कारण सकाळची शाळा उशिरा भरण्याची शक्यता. याशिवाय एक तिसरा वर्ग आहे, ज्याची दखल अजून कुठल्याही वार्ताहराने घेतलेली नाही. या वर्गातली माणसं पासष्टीच्या पुढची, निवृत्त आणि बहुधा यंत्रांशी आयुष्य घालवलेली. निफाडचा आकडा दहाच्या खाली गेला की हा गृहस्थ पेपरची घडी घालतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि स्वयंपाकघराच्या दिशेने जाहीर करतो, "आज भट्टी लावतोय."

आतून भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज येतो. ती पोच समजायची.

आमच्या कॉलनीत हे पद आप्पांकडे आहे. तुमच्याकडे नाना असतील, भाऊसाहेब असतील. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी जे ओव्हन आले, त्यातले निम्मे वर्षभरात माळ्यावर गेले, आणि उरलेले अशा निवृत्त हातांत पडले. आप्पा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले. मिग विमानाच्या सुट्या भागांत केसाएवढी चूक खपवून न घेतलेला माणूस रव्याच्या केककडे कुठल्या नजरेने बघत असेल, याची कल्पना करा. पाककृतीत 'साखर चवीनुसार' असं दिसलं की त्यांना लिहिणारीला मेमो द्यावासा वाटतो. 'अंदाजे अर्धी वाटी'वर तर ते लाल पेनने प्रश्नचिन्हच काढून ठेवतात.

आप्पांचा ओव्हन, म्हणजे त्यांची भट्टी, स्वयंपाकघरात नाही. "माझ्या ओट्यावर हे यंत्र नको," असं त्यांच्या पत्नीने, माईंनी, पहिल्याच दिवशी सांगितलं आणि सीमारेषा कायमची ठरली. त्यामुळे तो हॉलमध्ये, जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर बसतो. तिथेच एसीसाठी काढून ठेवलेला सोळा अँपिअरचा पॉइंट आहे. नाशिककराला एसी कशाला, या तत्त्वावर एसी काही आला नाही, आणि पॉइंट अखेर सत्कारणी लागला. मात्र ओव्हन, गिझर आणि इस्त्री एका वेळी चालू झाले की घराचा मेन पडतो. म्हणून भट्टीच्या दिवशी संध्याकाळी पाच ते सात आंघोळीला बंदी. पाहुणा प्रवासातून थकून आलेला असला तरी त्याला आधी चहा, मग गप्पा, मग आणखी एक चहा. नुसता टॉवेल मागितला तरी आप्पा घड्याळाकडे बघतात.

त्यांच्याकडे एक वही आहे. वरच्या कोपऱ्यात तारीख आणि निफाडचं तापमान, मग जिन्नस, मग वजनं. एक नोंद मी स्वतः वाचलेली आहे : 'रव्याचा केक. कच्चा ९४० ग्रॅम, भाजल्यावर ८५५. घट ८५, बाष्पामुळे. उजवी मागची बाजू अधिक लाल. कारण : कॉइल. उपाय : विसाव्या मिनिटाला ट्रे फिरवणे.' खाली वेगळ्या अक्षरात, पेन्सिलीने, 'चव?' एवढंच लिहिलेलं होतं. ते अक्षर माईंचं. आप्पांच्या वहीत चवीचा रकाना नव्हता. पुढच्या पानापासून तो दिसतो, पण त्यात बहुतेक ठिकाणी 'समाधानकारक' आहे, आणि तो शेरा आप्पांनीच दिलेला आहे.

बटणावरच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही. बटण १८० म्हणतं तेव्हा आत किती असतं, हे बघायला त्यांनी आत ठेवायचा वेगळा तापमापक आणला. आत १६२ निघाले. त्या दिवशी आप्पांना जो आनंद झाला, तो केक फुगल्यावरही होत नाही. आख्खा आठवडा ते भेटेल त्याला थांबवून अठरा अंशांची तफावत समजावून सांगत होते. दूधवाल्याने ऐकून घेतलं, कारण त्याचे पैसे यायचे होते.

पण खरी परीक्षा लादीपावाची. थंडीत यीस्ट आळसावतं. एरवी तासाभरात दुप्पट होणारं पीठ जानेवारीत तीन तास जागचं हलत नाही. आप्पांनी त्याला आधी रजईत गुंडाळलं. मग बंद कपाटात, गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी ठेवलं. शेवटी एके दिवशी मी गेलो, तर सोफ्यावर उशीला टेकवून एक पातेलं बसवलं होतं. अंगावर माईंची शाल, आणि झाकणावर आप्पांची माकडटोपी, तीही गुंडीसकट नीट बसवलेली. आप्पा स्वतः उघड्या डोक्याने शेजारी शिंकत बसले होते. नातू आला, पातेल्याकडे बघून त्याने हळूच विचारलं, "आजोबा, याला बरं नाही का?" "श्श," आप्पा म्हणाले, "फुगतंय."

ओव्हन ही साहेबाची देणगी, असं कुणी म्हटलं की आप्पा चिडतात. मग व्याख्यान सुरू होतं. पाठारे प्रभूंच्या घरी भानोलं खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत, ते काय होतं? रायगडात थंडीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, वालाच्या शेंगा भरून, पाण्याचा थेंब न घालता पोपटी लावतात, ते काय आहे? आपल्या आयांनी कढईत वाळू तापवून, वर पातेलं ठेवून केक केले, ते काय होतं? "उष्णता चारी बाजूंनी द्यायची आणि आपण गप्प बसायचं, हे शास्त्र इथलंच आहे. फक्त वायर नवीन." व्याख्यान बरोबर असतं. अडचण एवढीच, की ते केक कापायच्या आधी होतं.

या शास्त्राला एकदाच जबर आव्हान मिळालं. त्यांचे व्याही जळगावचे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि हे मानांकन व्याह्यांच्या बोलण्यात नमस्कारानंतर लगेच येतं. ते थंडीत येताना दोन किलो वांगी घेऊन आले. हिरवी, पांढरट छटेची, तळहातात न मावणारी. खान्देशात ही वांगी कपाशीच्या नाही तर तुरीच्या काड्यांवर शेतात भाजतात, मग लाकडी बडजीत ठेचतात, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर पंगत बसते. आप्पांनी ती तेलाचा हात लावून, टोचे मारून, २२० अंशांवर भट्टीत लावली. हॉलमध्ये शांतता पसरली. पन्नास मिनिटांनी वांगी निघाली तेव्हा साल अलगद सुटत होती, गर लोण्यासारखा मऊ. आप्पांनी विजयी मुद्रेने व्याह्यांकडे बघितलं.

व्याह्यांनी वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. मग सरळ होऊन म्हणाले, "छान शिजलंय हो आप्पासाहेब. पण भाजलं कधी?"

तो घाव आप्पांनी आठ दिवस जपला. नवव्या दिवशी गच्चीवर धूर दिसला म्हणून कॉलनीचे सेक्रेटरी धावत गेले, तर आप्पा विटांच्या चुलीत कुठून तरी मिळवलेल्या तुरीच्या काड्या पेटवून वांग्याला आधी धूर देत होते. पुढचं भाजणं ओव्हनमध्येच व्हायचं होतं. वहीत नोंद : 'पूर्वप्रक्रिया आवश्यक.' शरणागतीला कारखान्यात हाच शब्द असावा.

आता या सगळ्यात घरच्यांचं काय होतं, ते सांगतो.

मुलगा पुण्यात आयटीत. शनिवारी रात्री बायकोमुलासह येतो, रविवारी दुपारी निघायचं म्हणतो. आप्पा "जा" म्हणतात, पण साडेतीनला भट्टी लावतात. आता ट्रे आत गेलेला आहे, घरभर वेलदोड्याचा वास सुटलेला आहे, आणि चाळीस मिनिटं काहीही बाहेर येणार नाही. दार उघडून बघायला मनाई, कारण एकदा उघडलं की वीसेक अंश गेले. मुलगा गाडीची किल्ली हातात घेऊन बसतो. मग किल्ली टीपॉयवर जाते. सून हात शेकायला टेबलाशी खुर्ची ओढते. ऑफिसातल्या बढतीचं फोनवर दोन वाक्यांत उरकलेलं प्रकरण आता मुळापासून सांगितलं जातं. नातू काचेला नाक लावून बातम्या देतो, "आजोबा, कोपरा फुगला!" नानकटाई निघते तोवर चंदनापुरी घाटातल्या गर्दीचं निमित्त निघून सोमवार पहाटेचा बेत ठरलेला असतो.

साडेसातला कॅल्गरीहून लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. तिथे तेव्हा रविवारचे सकाळचे सात. तिच्याकडे भिंतीत बसवलेला, चांगला गुडघ्यापासून छातीपर्यंतचा ओव्हन आहे. आप्पांनी एकदा तो दाखवायला सांगितला. तिने दार उघडलं, आत तीन कढया, दोन तवे आणि इडलीचं पात्र. परदेशातल्या बऱ्याच मराठी घरांत ओव्हन म्हणजे आणखी एक कपाट. थंडी कडक झाली की भांडी बाहेर येतात आणि आत नुसता दिवा लावून दही विरजतात, कारण त्या दिव्याच्या उबेत रात्रीतून ते लागतं. आप्पांना हे ऐकून वाईट वाटलं. चांगल्या अधिकाऱ्याला रजिस्टर लिहायला बसवल्यासारखं वाटलं म्हणाले. "तिकडे किती आज?" त्यांनी विचारलं. "उणे पंचवीस, बाबा." आप्पांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "आमच्या निफाडलाही सहा आहे." त्यांच्या आवाजात कमीपणा नव्हता.

त्या दिवशी तिने कढया बाहेर काढल्या. आता रविवारी इकडे बाजरीची बिस्किटं संध्याकाळच्या चहाला निघतात, तिकडे तीच सकाळच्या कॉफीला. मापं आप्पांच्या वहीतली. फॅरनहाइटचं कोष्टक त्यांनी तिला पाठवलं आहे, फ्रीजवर लावायला, दोन प्रतींत.

माईंचं मत मी एकदा खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, "पसारा किती होतो ते विचारू नका. ब्रश, वाट्या, चाळण्या, सगळं माझ्याच मोरीत. वर ओट्याला मैदा. पण एक आहे. पोळी म्हटलं की तव्यावरची ताटात, तव्यावरची ताटात. सगळ्यांचं होईस्तोवर मी उभी, आणि मी बसते तेव्हा समोर रिकामी ताटं. यांच्या त्या डब्यातनं जे निघतं ते एकदाच निघतं. कुणाला गरम, कुणाला गार असं नाही. मीही बसते." मग जरा थांबून म्हणाल्या, "पाव कडक होतो, ते वेगळं."

आप्पांनी हा हिशेब कधीच वहीत मांडलेला नाही, पण त्यांना तो ठाऊक असावा. पूर्वी दिवाळीच्या आधी तूप, मैदा, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत न्यायची आणि भट्टीवर नानकटाई भाजून आणायची पद्धत होती. लहानपणी ते आईबरोबर त्या रांगेत बसायचे. एकदा बोलता बोलता म्हणाले, "आई रिकामी बसलेली मी फक्त बेकरीत पाहिली. दोन तास नंबर लागायचा नाही. ती शेजारणींशी हसत बसायची. घरी कधी हसायला बसली नाही." एवढं बोलून ते उठले आणि ट्रे फिरवायला गेले. विसावं मिनिट झालं होतं.

गेल्या वाढदिवसाला मुलाने त्यांना एअर फ्रायर आणला. नव्या पद्धतीचा, पंधरा मिनिटांत सगळं तयार, वीजही कमी. आप्पांनी तो उघडून पाहिला, पंख्याची रचना वाखाणली, माहितीपत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि परत खोक्यात घातला.

"का हो, काय वाईट आहे त्यात?" मी विचारलं.

"वाईट काही नाही," ते म्हणाले. "पण पंधरा मिनिटांत माणूस बूटसुद्धा काढत नाही."

माईंनी मात्र तो परत करू दिला नाही. आप्पा दुपारी झोपले की त्या त्यात पापड भाजतात, आणि आवाजाने ते जागे झालेच तर मिक्सर चालू होता म्हणून सांगतात.