नववा गडी

प्रत्येक कॉलेजात असा एक इसम असतोच. बेसबॉलच्या संघात आठच जण जमले, वादविवादाचा जोडीदार आयत्या वेळी गावी निघून गेला, एकांकिकेतला हवालदार तापाने फणफणला, की सगळ्यांची पावलं कँटीनकडे वळतात. तिथे हा पुढ्यात कटिंग घेऊन बसलेलाच असतो. ‘तुला जमेल का रे?’ असं त्याला कुणी विचारत नाही. ‘मोकळा आहेस ना?’ एवढंच विचारतात. तो मोकळाच असतो.

त्याला काहीच येत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याला सगळं येतं. फक्त जिथे हवं तिथे येत नाही.

बेसबॉलच्या मैदानावर तो क्रिकेट घेऊन उतरतो. चेंडू टोलावला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं. हा बॅटसकट पळतो आणि पहिल्या बेसपाशी वाकून ती जमिनीवर घासतो. चेहऱ्यावर क्रीजमध्ये पोचल्याचं समाधान. पहिला बेस ओलांडून पुढे धावत गेलं तरी चालतं. दुसऱ्यावर मात्र थांबावंच लागतं, नाहीतर चेंडू अंगाला टेकवून बाद करतात. हा पहिल्यावर करकचून ब्रेक मारतो आणि दुसरा ओलांडून निघून जातो. त्याचा लेट कट, खोटं कशाला बोला, बघत राहावा असा. पण बेसबॉलमध्ये मागे गेलेला चेंडू फाउल. बरं, डाव्या हातात ताटाएवढा ग्लव्ह असताना झेलाला नेमका उघडा उजवा हात पुढे येतो. झेल सुटतो, बोटं सुजतात आणि कोच टोपी डोळ्यांवर ओढून घेतात.

वादविवादात तो नाटकातला असतो. तिथे संघ दोघांचा. एक विषयाच्या बाजूने बोलणार, दुसरा विरोधात. कुणी कोणती बाजू घ्यायची हे शेवटपर्यंत ठरत नाही, म्हणून याने दोन्ही बाजू चोख पाठ केलेल्या असतात. उभा राहतो तो झोकात. खाली बघतो, थांबतो, मग प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेकडे नजर लावतो. समोरच्याने चांगला मुद्दा मांडला की हा मनापासून मान डोलावतो, आणि परीक्षक ते टिपून घेतात. घंटेचा घोळ तर ठरलेला. नाटकाची तिसरी घंटा झाली की सुरुवात करायची, हे त्याच्या अंगात इतकं मुरलंय की वेळ संपल्याची घंटा वाजली की त्याचा आवाज खऱ्या अर्थाने लागतो.

आणि नाटकात? तिथे त्याच्यातला खेळाडू जागा होतो.

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाचे दिवस म्हणजे कॉलेजांना चढलेला ज्वर. महाराष्ट्रीय कलोपासकची ही स्पर्धा 1963 पासूनची. भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’च्या आरोळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहतं. त्या वर्षी आमच्या एकांकिकेत हा हवालदार होता, दोन वाक्यांचा. प्रसंग असा: नायक संतापून तांब्या भिरकावतो, तांब्या ठणठणत जमिनीवर पडतो, त्या आवाजाने खाटेवरची नायिका दचकून उठते आणि पुढचं सगळं नाट्य घडतं. नायकाने तांब्या भिरकावला. दारात उभ्या हवालदाराने डावीकडे सूर मारला आणि एका हातात, होय, डाव्याच, तो अलगद टिपला. विरोधी कॉलेजांसकट अख्खं थिएटर टाळ्यांनी दणाणलं. आमचा बेसबॉलचा कॅप्टन तिसऱ्या रांगेत डोक्याला हात लावून बसला होता.

नायिका झोपलेलीच. ती आवाजाची वाट पाहत होती. याच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता. शिवाय संस्कार आड आले आणि त्याने तांब्या बिनआवाज टेबलावर ठेवला. मग वादविवादपटू पुढे सरसावला. खाटेजवळ जाऊन नम्रपणे म्हणाला, ‘बाईसाहेब, आत्ता इथे एक भांडं पडणार होतं.’

प्राथमिक फेरीतच आमचा निकाल लागला. दिग्दर्शक त्याच्याशी महिनाभर बोलला नाही, आणि मला विचाराल तर दिग्दर्शकाचंच चुकलं. आपल्या एका कलेत तरबेज असलेली मंडळी स्पर्धा जिंकतात हे खरं, पण त्यांच्या एकांकिका दुसऱ्या वर्षी कुणाला आठवत नाहीत. तांब्याचा झेल कँटीनमध्ये अजून दाखवून दाखवून सांगतात, आणि दरवेळी तो सूर हातभर लांबतो.

पुढे 2022 साली पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची वाटली नाही. करंडक कुणालाच दिला गेला नाही. पुण्यात त्यावरून रण माजलं. आता नोकरीला लागलेल्या आमच्या नवव्या गड्याने ती बातमी दोनदा वाचली आणि शांतपणे म्हणाला, ‘बघ, आपण एक वर्ष थांबून उतरलो असतो, तर करंडक आणि आपण यांच्यामध्ये कुणीच नसतं.’