व्हिसामुक्त सर्बियन प्रवाशासाठी परवाना-विधी

ज्या सर्बियन नागरिकास शेंगेन मुलखात पाऊल ठेवण्यासाठी व्हिसाची मुळीच आवश्यकता नाही, त्याने तेथे पाऊल ठेवण्यापूर्वी कोणाकडे, किती शुल्क भरून आणि कोणकोणत्या प्रश्नांची उत्तरे देऊन अनुमती मागावी, याचे शास्त्रोक्त विवेचन मराठीत अद्याप झालेले आढळत नाही; ते करण्याची तजवीज येथे योजिली आहे. ज्याच्या उपयोगासाठी हे लिहिले त्याला ते वाचता येणार नाही, ही अडचण आम्हांस ठाऊक आहे. परंतु सरकारी सूचनापत्रे लिहिणाऱ्यांनी असल्या अडचणीपुढे हात टेकल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

पूर्वपीठिका अवगत असल्याखेरीज अर्जदाराच्या चित्तात योग्य ती कृतज्ञता उत्पन्न होत नाही, सबब तिच्यापासून आरंभ करणे इष्ट. मार्शल टिटोंच्या युगोस्लाव्हियाचे लाल पारपत्र ज्याच्या खिशात असे, तो बेलग्रेडकर पूर्वेच्या साम्यवादी गोटात आणि पश्चिमेच्या भांडवलशाही गोटात सारख्याच निर्वेधपणे हिंडत असे, आणि इटलीतल्या ट्रिएस्टच्या बाजारातून जीन्सच्या विजारी घेऊन येणे हा तर तेथील मध्यमवर्गाचा कुलाचारच होऊन बसला होता. पुढे ते राष्ट्र भंगले. ३० मे १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निर्बंध लादले, विमाने थांबली, आणि ज्याला परदेशी जाणे प्राप्तच होते तो मिनीबसमध्ये बसून, हंगेरीच्या सीमेवर ताटकळत, बुडापेस्टचा विमानतळ गाठू लागला. परकीय वकिलातींच्या दारांशी रांगा लावण्यात एका पिढीचे तारुण्य खर्ची पडले. अखेर १९ डिसेंबर २००९ रोजी बायोमेट्रिक पारपत्रधारक सर्बियनांना अल्पकालीन वास्तव्यासाठी व्हिसाची अट माफ झाली. या सुखाला नऊ वर्षे पुरी होतात न होतात तोच, सप्टेंबर २०१८ मध्ये, युरोपीय संघाने एक नियम संमत केला आणि ज्यांना व्हिसा लागत नाही अशा समस्त परकीयांसाठी ‘एटियास’ नामक प्रवास-प्राधिकृतीची योजना सिद्ध केली.

ही यंत्रणा प्रथम २०२१ मध्ये अवतरणार होती. त्यानंतर तिचा मुहूर्त इतक्या वेळा पुढे ढकलला गेला की, वेळीच अर्ज न करणाऱ्या प्रवाशाला बेसावध म्हणण्याचा अधिकार तिला कितपत पोहोचतो, याविषयी आम्ही मौन पाळतो. तूर्त २०२६ची शेवटची तिमाही जाहीर झालेली आहे.

अर्ज भरण्यास बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्याला तो भरावा लागू नये अशी काही सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे काय, हे पाहावे. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे पणजोबाची निवड विचारपूर्वक करणे. ज्याचा पणजोबा १९२० पूर्वी, म्हणजे सर्बियाचा व्होयव्होदिना प्रांत हंगेरीच्या राज्यात मोडत असताना, तेथे नांदत होता, त्याला हंगेरीने १ जानेवारी २०११ पासून लागू केलेल्या सुलभ नागरिकत्वाच्या कायद्याचा लाभ मिळू शकतो; फक्त कागदपत्रे आणि हंगेरियन भाषा एवढ्या दोनच गोष्टी हाताशी असाव्या लागतात. यांपैकी कागदपत्रे मृत माणसांकडून मिळवावयाची असल्यामुळे ती तुलनेने सुलभ होत. भाषा मात्र अठरा विभक्त्यांची, आणि तरीही नोवी साद व सुबोतित्सा येथील कित्येक निखळ सर्बांनी केवळ त्या बरगंडी रंगाच्या पारपत्रासाठी शिकवण्या लावून ती घोकली, हे ध्यानात घेतले म्हणजे भाषाशास्त्राच्या प्रसाराला सीमेवरील चौकीइतके उपकारक दुसरे साधन नाही, असेच म्हणावे लागते. असे नागरिकत्व ज्याने संपादन केले, किंवा जो व्हिएन्नात वास्तव्याचा दाखला बाळगून आहे, त्याने हा लेख येथेच मिटवून ठेवावा. बाकीच्यांनी पुढे वाचावे.

अर्ज संगणकावर किंवा मोबाइलवर भरावयाचा असून तो संघातील सदस्य राष्ट्रांच्या सर्व राजभाषांत उपलब्ध होणार आहे. सर्बिया सदस्य नसल्यामुळे सर्बियन भाषा त्यांत नाही. क्रोएशियन मात्र आहे! ज्या शेजाऱ्याशी आपली भाषा वेगळी आहे की एकच, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालण्यात सर्बियन विद्वानांनी आपली बुद्धी वेचली, त्याच शेजाऱ्याच्या भाषेतला अर्ज सर्बियन अर्जदार एका दमात, शब्दकोशाला हातही न लावता भरून टाकील. मात्र ही गोष्ट त्याने काफानात, म्हणजे सर्बियन पानगृहात, बसून मित्रांना सांगू नये.

नाव, जन्मस्थान, पत्ता, आईबापांची नावे, शिक्षणाची पायरी आणि व्यवसायाचा वर्ग हे रकाने निमूटपणे भरावेत. आईबापांचा हंगेरीतल्या सेगेदच्या दुकानातील खरेदीशी संबंध काय, असा प्रश्न मनात आल्यास तो मनातच ठेवावा, कारण त्याच्यासाठी रकाना नाही. गंभीर गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे काय, कोणत्या देशाने निघून जाण्याचा हुकूम बजावला आहे काय, आणि युद्धाच्या वा संघर्षाच्या प्रदेशात वास्तव्य केले होते काय, या तीन प्रश्नांपाशी थोडे थांबावे. तिसरा प्रश्न नजीकच्या काळापुरताच आहे, हे सर्बियन अर्जदाराचे सुदैव. एरवी १९९९च्या वसंतऋतूत, नाटोच्या बॉम्बवर्षावाच्या वेळी, आपण कोठे होतो, या प्रश्नाला ‘आपल्या घरी, तळघरात’ असे उत्तर देऊन त्याला पुढे वास्तव्याची कारणेही नमूद करावी लागली असती.

चौकोनात खूण करताना घाई करू नये, आणि ती खूण शक्यतो स्वतः करावी. या बाबतीत नोव्हाक जोकोव्हिच यांचे उदाहरण प्रत्येक सर्बियन घरात लहान मुलांना सांगितले जावे अशी आमची शिफारस आहे. जानेवारी २०२२ मध्ये ते मेलबर्नला उतरले तेव्हा त्यांच्या प्रवासविषयक प्रतिज्ञापत्रात, मागील चौदा दिवसांत अन्यत्र प्रवास केला नाही, अशी चुकीची खूण आढळली. ती आपल्या सहकाऱ्याच्या हातून नजरचुकीने झाली असा खुलासा त्यांनी केला. त्या खुणेमुळेच त्यांची परत पाठवणी झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण मंत्र्यांनी अखेरीस आरोग्याचे व सुव्यवस्थेचे कारण पुढे केले होते. तथापि जगातील अग्रगण्य टेनिसपटूची ही अवस्था, तर क्रागुयेव्हात्सच्या एखाद्या नळकारागिराने आपल्या पुतण्याकरवी अर्ज भरून घेताना किती सावध असावे, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

शुल्क २० युरो. मूळ नियमात ते ७ होते. यंत्रणा सुरू होण्यापूर्वीच ज्याची किंमत जवळजवळ तिप्पट झाली असा माल व्यापारी जगतातही विरळा. अठरा वर्षांखालील आणि सत्तर वर्षांवरील अर्जदारांना शुल्क माफ आहे, अर्ज मात्र माफ नाही.

अर्ज रवाना झाला की तो शेंगेनचे दप्तर, युरोपोल, इंटरपोल अशा निरनिराळ्या संग्रहांशी ताडून पाहिला जातो, आणि बहुतेकांना काही मिनिटांतच अनुमती मिळेल असे आश्वासन आहे. कोठे काही जुळलेच, तर प्रकरण वॉर्सामधील फ्राँटेक्स या संघाच्या सीमारक्षक संस्थेच्या केंद्रीय कक्षापुढे आणि तेथून सदस्य राष्ट्राच्या माणसांपुढे जाते. तेव्हा चार दिवस लागतात; अधिक कागद मागविल्यास चौदा; मुलाखतीस बोलावल्यास तीस. मुलाखतीचे बोलावणे आलेल्या वयस्क अर्जदाराने जुना कोट काढावा आणि २००९ पूर्वीच्या सवयीने निघावे. वाट त्याला पाठ असेल.

प्राप्त झालेली अनुमती तीन वर्षे, अथवा पारपत्राची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर टिकते. मात्र ती प्रवेशाचा हक्क देत नाही. ती हक्काविषयी सीमेवर विचारणा करण्याचा हक्क देते. होर्गोशच्या नाक्यापलीकडे बसलेला हंगेरियन अंमलदार पूर्वीइतकाच सर्वाधिकारी राहणार असून, त्याच्यापुढे बोटांचे ठसे व चेहरा यांची नोंद करण्याचा जो नवा शिरस्ता १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाला आहे, तोही वेगळा पाळावयाचाच आहे. या शिरस्त्याने पारपत्रावरचे शिक्के मोडीत काढले. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहण्याचा नियम जुनाच; परंतु पूर्वी तो पुसट शिक्क्यांवरून बोटे मोजणाऱ्या माणसाच्या हाती होता व त्या माणसाला दयाही येत असे. आता मोजणी यंत्र करते, आणि आठवड्याला दोनदा जर्मनीकडे माल नेणाऱ्या सर्बियन ट्रकचालकाला हे गणित सुटता सुटत नाही. विडंबनाच्या ओघातही येथे आम्हांला स्पष्टपणे सांगावेसे वाटते की, मालाला सीमा मोकळी आणि माल वाहणाऱ्याला दिवस मोजून, ही व्यवस्था अन्यायाची आहे.

भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या वाचकाने यातील काहीही मनावर घेण्याचे कारण नाही. त्याला एटियास लागत नाही, कारण त्याला पुरता शेंगेन व्हिसा लागतो: ९० युरो शुल्क, बँकेचे खातेउतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि मुलाखतीची वेळ मिळेपर्यंतची तपश्चर्या यांसह. खुद्द सर्बियाने भारतीयांना २०१७ मध्ये दिलेली तीस दिवसांची व्हिसामुक्तता १ जानेवारी २०२३ पासून काढून घेतली आहे, तेव्हा सहानुभूतीचे प्रमाण ज्याने त्याने ठरवावे. मात्र लंडन, न्यू जर्सी वा टोरांटो येथील ज्या मराठी मंडळींनी तेथील नागरिकत्व पत्करले आहे, त्यांना हा सारा विधी सर्बियनांइतकाच लागू आहे.

त्यांच्यासाठी, आणि सर्बियनांसाठीही, एक सूचना विनोद बाजूला ठेवून. या अर्जाचे अधिकृत संकेतस्थळ एकच असून त्याच्या पत्त्याची अखेर ‘युरोपा डॉट ईयू’ अशी आहे. यंत्रणा सुरू झाल्याची अधिकृत घोषणा होण्यापूर्वी जो कोणी अर्ज स्वीकारतो आणि पैसे मागतो, तो ठग समजावा व त्यास एक छदामही देऊ नये.