स्टिकरराव आय-सेव्हन, मु. पो. टचपॅडशेजारी

श्री. रा. रा. स्टिकरराव आय-सेव्हन यांसी,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, गेली कैक वर्षं तुम्ही माझ्या मनगटाखाली मुक्कामाला होतात आणि आपलं एकदाही नीट बोलणं झालेलं नाही. तुमचे कोपरे उडाले, चकाकी गेली, सातचा आकडा घामाने पुसट झाला, पण ऐट तशीच आहे. पत्र खुलं लिहितोय, कारण तुमचे भाऊबंद बाजारात फार झालेत आणि मार्च जवळ आला की माझ्यासारखी माणसं पुन्हा दुकानाची पायरी चढतात.

आपली पहिली भेट आठवते? २८ मार्च २०१७, गुढीपाडवा. मी नारायण पेठेतला सीए. ऑफिसात टेबलं तीन, माणसं चार. जीएसटी तीन महिन्यांवर येऊन ठेपला होता, पण माझी घाई वेगळ्याच कारणाने होती. संगणकावरचा घसारा तेव्हा ६० टक्के होता आणि १ एप्रिलपासून तो ४०वर यायचा होता. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर दर निम्मा. म्हणजे पाडव्याला घेऊन चार दिवस वापरला तरी ३० टक्के पदरात. सीएला याहून चांगला मुहूर्त पंचांगात सापडत नाही. घसाऱ्याची टक्केवारी मी तोंडपाठ करून गेलो होतो आणि ज्या वस्तूवर तो घसारा घ्यायचा तिच्याबद्दल मला काडीची माहिती नव्हती.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सर, आय-सेव्हन आहे. डोळे झाकून घ्या.” मी डोळे झाकूनच घेतला. ऑफिसात आणून उघडले तेव्हा कळलं, खिडकीपाशी बसलं की स्क्रीनवर काही दिसत नाही.

पुढच्या वर्षी आमच्या अकाउंटंट काकांसाठी दुसरा लॅपटॉप घेतला. आमच्याकडचा नियम साधा होता आणि तो बहुतेक ऑफिसांत आजही आहे: साहेबाला सेव्हन, अकाउंटंटला फाइव्ह, आर्टिकलच्या पोरांना थ्री. कोण काय काम करतं याचा त्यात संबंध नाही. खुर्चीची पाठ जितकी उंच तितका आकडा मोठा. काकांचा लॅपटॉप बराच स्वस्तात आला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

महिन्याभरात काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. “साहेब, तुमची फाइल अजून उघडतेय का? माझी मेल पण करून झाली.” मला वाटलं, नवा आहे म्हणून पळतोय. खरी गोष्ट पुष्कळ उशिरा समजली. तुम्ही ज्याच्या नावाने मिरवत होतात तो आय७-७५००यू. त्याच्या पोटात कोअर दोन. काकांचा आय५-८२५०यू एक पिढी पुढचा, त्याच्यात चार. साहेबाच्या गाडीला दोन सिलिंडर आणि काकांच्या स्कूटरला चार, असा तो मामला होता.

कडेलोट झाला १४ ऑक्टोबर २०२५च्या मुदतीमुळे. त्या दिवशी विंडोज १०चा मोफत आधार संपणार होता. विंडोज ११ची पात्रता तपासली, तर इंटेलच्या बाबतीत ती साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. काका पास. मी नापास. आणि नापासाच्या त्या निरोपाखाली, मनगटापाशी, तुम्ही अजून चमकायचा प्रयत्न करत होतात.

स्टिकरराव, तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. तुम्ही फक्त आडनाव सांगितलंत. आडनावावरून माणूस ओळखायची आपल्याकडे खोड आहेच. तिचा फायदा कुणी घेतला तर दोष त्याला काय द्यायचा? चिप बिचारी डब्यात दडलेली, तिला कोण ओळखणार, म्हणून १९९१मध्ये इंटेलने ‘आत इंटेल आहे’ असं बाहेरून सांगणारी चिकटपट्टी काढली. २००८च्या अखेरीला आय-सेव्हन जन्मला, मागोमाग फाइव्ह आणि थ्री. २०२३च्या अखेरीपासून तुमच्या घराण्याने नव्या पिढीच्या नावातला ‘आय’च टाकून दिला, आता ‘कोअर अल्ट्रा ७’ म्हणवून घेतात. आयला विसरलेल्या पोरांबद्दल मी काय बोलू?

आडनावामागचा आकडा वाचायला मला आमच्याकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीने शिकवलं. यंदा तीन लॅपटॉप घ्यायचे ठरलं तेव्हा ती आय७-१२५५यू आणि आय५-१२४०पी यांचे कागद शेजारी ठेवून म्हणाली, “सर, शेवटचं अक्षर बघा.” त्या पिढीत यू म्हणजे मुळात १५ वॅटचा बेताचा खुराक, पी म्हणजे २८, एच म्हणजे ४५. जोर लावणारे कोअर त्या सेव्हनकडे दोन, फाइव्हकडे चार. किरकोळ कामाचे आठ-आठ दोघांकडेही. म्हणजे २०१७ची माझी फजिती छापील आकड्यांत पुन्हा विकायला ठेवलेली होती. शिवाय एचवाला प्रोसेसर पातळ डब्यात कोंबला तर तो तापतो आणि वेग आवरता घेतो, ती गोष्ट निराळीच.

एएमडीकडची मंडळीही काही कमी नाहीत. त्यांच्या रायझन ७०००च्या लॅपटॉपी घराण्यात खरी जात तिसऱ्या आकड्यात असते. ७५२०यू नाव ऐकून वाटतं ताजा माल. पण तिसरा आकडा दोन, म्हणजे आतली रचना झेन २, मूळची २०१९ची. ७५४०यू मात्र झेन ४. पेटीवर ‘देवगड’ छापलंय म्हणून आतला आंबा देवगडचा, असं मानणाऱ्या माणसाला मार्केट यार्डात काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको.

तर, ती मुलगी. मी दुकानात निघालो होतो तर तिने दारातच अडवलं. “सर, आधी आपल्याकडे अडतंय कुठे ते बघू या.” रिटर्नच्या गर्दीचा आठवडा होता. तिने सगळ्यांच्या मशीनवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि दुपारी तीनला, म्हणजे सगळेच बोंबलत असताना, मोबाइलवर फोटो काढले. एकीकडे टॅली, दुसरीकडे एक्सेलच्या चार फायली, आयकर आणि जीएसटीची पोर्टलं धरून ब्राउझरचे वीसेक टॅब. आणि ज्याच्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजत आलो तो प्रोसेसर? पंधरा-वीस टक्क्यांवर पाय पसरून बसला होता. रॅम मात्र ८ जीबीपैकी साडेसात भरलेली, दारात रांग. इतकी वर्षं मी रुंद दरवाजासाठी पैसे भरत होतो आणि अडचण खोलीची होती.

मग मी सवयीने दुसऱ्या टोकाला गेलो. म्हटलं, ३२ जीबी घेऊन टाकू. ती शांतपणे म्हणाली, “आपला एक्सेल ३२-बिटचा आहे. चार जीबीच्या पुढे त्याचा हात पोचत नाही.” १६वर सौदा ठरला. पण तिने आणखी एक प्रश्न विचारला, जो दुकानातल्या कुठल्याही पाटीवर नसतो: रॅम बोर्डावर डाखलेली आहे की खाचेत बसवलेली? डाखलेली असेल तर पहिल्या दिवशी जेवढी घेतली तेवढ्यावर संसार करायचा. खाच असेल तर चार वर्षांनी दुसरी पट्टी बसवता येते. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. जागा नव्हती म्हणाल. ती होती, तुमच्याच शेजारी, जिथे ‘वाइड व्ह्यूइंग अँगल’ लिहिलेलं असतं.

आता काकांचं. त्यांच्यासाठी मी हौसेने १४ इंची, हलका, देखणा लॅपटॉप दाखवायला आणला. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला, डाव्या हाताचं बोट बिलावर ठेवलं आणि उजवा हात कीबोर्डच्या उजव्या कडेला नेला. बोटं आपोआप नाचायला लागली, चार-पाच-सहा, खाली एक-दोन-तीन, अंगठा शून्यावर. फक्त तिथे कळा नव्हत्या. बोटं टेबलाच्या सनमायकावर वाजत होती. काकांनी वर बघितलंही नाही. बिलावरची नजर हलवायची त्यांना सवयच नाही. दोन ओळी झाल्यावर त्यांना कळलं की स्क्रीन कोरीच आहे.

“छान आहे,” ते म्हणाले. “प्रवासाला बरा पडेल.”

काकांनी गेल्या दहा वर्षांत केलेला सगळ्यात लांबचा प्रवास लक्ष्मी रोड ओलांडण्याचा. त्यांच्यासाठी १५.६ इंची, नंबरपॅडवाला आला. १४ इंची त्या मुलीला, कारण ती ऑडिटसाठी पीएमपीने चाकणला जाते आणि पाठीवर अर्धा किलो कमी-जास्त म्हणजे काय ते तिच्या खांद्यांना ठाऊक आहे. प्रोसेसर दोघांचा सारखाच. खुर्चीची पाठ कुणी मोजली नाही.

माझ्या वाट्याला जो येणार होता तो मीच परतवला. बाजूला दोन सी-पोर्ट, बाकी सपाट, पुण्यातल्या दुपारसारखा शुकशुकाट. आमच्या धंद्यात डिजिटल सहीचा टोकन म्हणजे देवघरातला शाळिग्राम, आणि त्याला लागतो जुना रुंद यूएसबी पोर्ट. “अडॅप्टर मिळतो ना सर,” दुकानातला मुलगा म्हणाला. मिळतो की. आणि नेमका शेवटच्या तारखेला, रात्री साडेअकराला, समोर क्लायंट बसलेला असताना तो कुणाच्या तरी बॅगेत घरी गेलेला असतो.

स्क्रीनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जखम जुनी आहे. २५० निट आणि ४५ टक्के एनटीएससी असं लिहिलेला पडदा घेऊ नये. उजेडात फिकटतो, आणि एक्सेलमध्ये मी थकबाकी लाल करतो ती तिथे गुलाबी दिसते. गुलाबी थकबाकीला क्लायंट घाबरत नाहीत. विंडोज होम की प्रो, यावर एका वाक्यात निकाल: लोकांचे पॅन आणि बँक तपशील घेऊन लॅपटॉप रिक्षात विसरण्याची शक्यता असेल, तर डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरचा पूर्ण कारभार देणारा प्रो घ्यावा. आणि वॉरंटीचा कागद वाचावा. माणूस ऑफिसात येणार की आपण बॅग उचलून सर्व्हिस सेंटरच्या बाकावर बसणार, एवढं एकच त्यात बघायचं. पहिल्या लॅपटॉपपायी मी त्या बाकावर दोन दिवस काढलेत. शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवरही तुम्हीच होतात.

तुमच्या धाकट्या भावाची हकिकत कानावर आली असेलच. हल्ली स्टिकरवर ‘एआय’ असतं. कोपायलट-प्लस म्हणवून घ्यायचं तर एआयचं काम बघणाऱ्या एनपीयूला सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया जमल्या पाहिजेत, अशी मायक्रोसॉफ्टची अट आहे. काकांना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, “टीडीएस जुळवतो का?” अजून तरी उत्तर देता आलेलं नाही. पण त्या भावाचे एका गोष्टीसाठी आभार मानतो: त्याच अटीत किमान १६ जीबी रॅम लिहिलेली आहे. तुम्हाला इतक्या वर्षांत जे सांगायचं सुचलं नाही, ते त्याने निदान अटीत तरी घातलं.

बिल जीएसटी नंबर टाकून घेतलं, १८ टक्क्यांचं क्रेडिट घेतलं, घसारा रीतसर. खरेदी यंदा सप्टेंबरातच उरकली, १८० दिवस पुरे भरावेत म्हणून. एवढी खोड राहणारच.

तुमच्या जुन्या घराचं म्हणाल तर ते आता स्कॅनरला जोडलंय, इंटरनेट काढून टाकून. तुम्हाला मात्र परवा खोबरेल तेलाचं बोट लावून अलगद सोडवलं. चिकटपणा पुष्कळ होता, मानलं. नवी जागाही बघून ठेवली आहे: पुढच्या खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर. त्याच्यावरही मोठा आकडा आहे. पाचवर ठेवला तरी पंखा तीनच्याच वेगाने फिरतो. तुमचं दोघांचं जमेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना मनगटवाला
नारायण पेठ, पुणे