सातवं मत

रिझर्व्ह बँकेत तुम्हाआम्हाला बचत खातं काढता येत नाही. तिथे खाती सरकारची आणि इतर बँकांची. तरी तिच्या गव्हर्नरांचं वचन आपण खिशात घालून हिंडतो. शंभराच्या नोटेवर ते धारकाला शंभर रुपये देण्याचा शब्द देतात. तो पाळायला लावायचाच म्हटलं, तर हाती पडेल शंभराची दुसरी नोट, नाहीतर शंभराची चिल्लर. एक रुपयाच्या नोटेवर मात्र हे वचन नसतं. ती सरकारची, सही वित्त सचिवांची. रुपयासाठी कोण शब्दात अडकणार?

ही बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ रोजी. मुहूर्त असा असूनही थट्टामस्करी तिच्या स्वभावात नाही. १९४९ साली ती सरकारच्या मालकीची झाली. व्याजाचा मुख्य दर, म्हणजे रेपो, आता सहा जणांची समिती ठरवते. तिघे बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले. मतं समसमान पडली तर गव्हर्नरांचं जादा मत. महागाई चार टक्क्यांवर, फार तर दोन टक्के इकडेतिकडे, राखायची ही त्यांची जबाबदारी. सहा जाणती माणसं बैठकीला बसतात आणि बहुधा पाव टक्का हलवतात. कधी तेवढाही नाही.

पण त्या पाव टक्क्यावरून आमच्या शेजारी बापलेकांत जुंपते. काकांची पुंजी मुदत ठेवींत, त्यांना व्याज चढायला हवं. मुलाच्या डोक्यावर घराचं कर्ज, तो दर उतरावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला. दर ‘जैसे थे’ राहिला की दोघंही गव्हर्नरांवर चिडतात आणि त्या दिवशी घरात एकोपा नांदतो. काकू तेवढ्या तटस्थ. त्यांचा प्रश्न तूरडाळीच्या भावाचा, आणि खरं तर समितीचाही तोच.

पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले. त्यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणलं. नोटांवर सही करणाऱ्या माणसाला हा नाद कसा, असं वाटेल. पण ढगांशी या बँकेचं जुनं नातं आहे. पाऊस रुसला की भाजी कडाडते, डाळ चढते, अन् सगळे आडाखे कोलमडतात. यक्षाने ढगाकरवी निरोप धाडला. गव्हर्नर ढगाच्याच निरोपाची वाट बघत बसतात. समितीत त्याला खुर्ची नाही, भत्ता नाही, इतिवृत्तावर सही नाही. मत मात्र प्रत्येक पावसाळ्यात तो देतोच, आणि तेही सगळ्यांचं मतदान आटोपल्यावर.